पूर्वेकडच्या उतारावरची घडी

विद्यापीठात सगळे त्यांना काका म्हणत, त्याचं काकांना काही वाटत नसे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर, भूशास्त्राच्या वर्गात वीस-एकवीस वर्षांच्या मुलांशेजारी जो माणूस बसतो त्याला मुलं दुसरं काय म्हणणार? लागायचं ते वेगळंच. वर्गात बाक कमी पडला की एखादी मुलगी आपली बॅग उचलून म्हणायची, "काका, तुम्ही बसा ना, मी उभी राहते." तिला वाटायचं आपण चांगलं वागलो. काकांना वाटायचं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी आणि आपण पोटात जावं. निदान अभ्यास तरी होईल.

शेवटच्या वर्षी ऑनर्सच्या प्रोजेक्टचे विषय वाटायची वेळ आली तेव्हा शहाण्या मुलांनी प्रयोगशाळेत बसून करायचे विषय उचलले. पंखा डोक्यावर, चहा हाकेवर. काकांनी मात्र गावामागच्या टेकडीचा नकाशा मागून घेतला. त्यांच्या गाईड मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, चढ आहे हो. चार महिने चढउतार करावा लागेल."

"मॅडम, मी रोज चार मजले चढतो," काका म्हणाले. आमची लिफ्ट वर्षभर बंद आहे, एवढा भाग त्यांनी गाळला.

काम ऐकायला सोपं होतं. टेकडीत खडकांचे थर आहेत. एकावर एक ठेवलेल्या, पण एका बाजूला कललेल्या वह्यांसारखे. उतारावर जिथे जिथे थर उघडा दिसेल तिथे थांबायचं, होकायंत्र लावायचं, थर कुठल्या दिशेला धावतोय ते अंशात वाचायचं, वहीत लिहायचं. अशी एकशे वीस रीडिंग घेतली, नकाशावर मांडली, की टेकडीच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

पण टेकडीवर पाऊल टाकायला परवानगी लागते, हे काकांना ठाऊक नव्हतं. टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी, म्हणून पाणीवाल्यांची परवानगी. उतारावर झाडं, म्हणून झाडंवाल्यांची. पायथ्याशी कुंपण, ते कोणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांचीही. काका स्वतः छत्तीस वर्षं हेडक्लार्क होते. लोकांचे अर्ज कसे परत पाठवावेत यावर त्यांनी पुस्तक लिहिलं असतं. आता एका कोवळ्या क्लार्कने त्यांचा अर्ज उलटसुलट बघून विचारलं, "नमुने नेणार म्हणता. काम झाल्यावर दगड परत ठेवणार का?"

"कुठे?"

"होते तिथे."

काकांना राग आला नाही. उलट मनातल्या मनात त्यांनी पोराची पाठ थोपटली. असा प्रश्न सुचायला काकांना नोकरीची पंधरा वर्षं लागली होती. त्यांनी मुकाट्याने "दगड परत ठेवीन" असं लिहून दिलं आणि सही केली.

इमारतीत बातमी फुटली तशी सल्ल्यांची रांग लागली. तळमजल्याच्या बाईंनी साप असतात म्हणून सांगितलं. समोरच्या मास्तरांनी, टेकडीखाली पूर्वी समुद्र होता का नव्हता ते आधी नक्की करा, म्हणजे बाकीचं आपोआप जमेल, असं सांगितलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त विमा एजंट काकांना त्या दिवसापासून "प्रोफेसर" म्हणायला लागले. हे विमावाले मनाने चांगले, पण सवय जुनी. माणूस भेटला की त्याच्यात कुठे बिघाड होऊ शकतो, हे त्यांच्या डोळ्यांना आधी दिसायचं. जिन्यात काकांकडे खालपासून वरपर्यंत बघून ते म्हणाले, "प्रोफेसर, कंबर सांभाळा."

कंबर बरोबर नवव्या दिवशी गेली. पश्चिमेकडचा उतार संपत आला होता, साठ रीडिंग झाली होती. शेवटच्या थरावर वाकून काकांनी होकायंत्र टेकवलं, आकडा वाचला, आणि उठायला गेले तर उठता येईना. पंधरा मिनिटं ते तसेच ओणवे उभे. खालच्या वाटेने फिरायला आलेल्या दोन बाया त्यांना बघून थांबल्या. एक दुसरीला म्हणाली, "काहीतरी हरवलंय बिचाऱ्यांचं." काका खाली मान घालून खरोखरच काहीतरी शोधायला लागले.

घरी काकूंनी शेक दिला आणि वर जाऊन विमावाल्यांना बोलावून आणलं. विमावाले तयारीनेच आले. त्यांच्या हातात रुंद, काळा, जाडजूड पट्टा होता.

"हा बांधा. रक्ताभिसरण सुधारतं," ते म्हणाले. "मी दोन वर्षं वापरला, आता बघा." आणि मध्येच वाकून त्यांनी स्वतःच्या चपलेला हात लावून दाखवला.

पट्टा बांधल्यावर काकांची कंबर दुखायची खरंच थांबली. कारण साधं होतं, वाकणंच बंद झालं. पोटापासून छातीखालपर्यंत फळी ठोकल्यासारखा तो पट्टा काकांना ताठ उभा करायचा. आता थरावर होकायंत्र टेकवणार कसं? पण काकांनी पुस्तक उघडलं आणि त्यात दुसरी पद्धत सापडली. ताठ उभं राहायचं, होकायंत्र पोटापाशी धरायचं, थराच्या रेषेत नजर लावायची आणि आकडा वाचायचा. पद्धत शास्त्रशुद्ध होती. लांबून बघणाऱ्याला रुबाबदारही दिसायची. काकांना ती फार आवडली.

त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "काका, पूर्व उताराला मी एकदा येऊन जाते. सगळ्या मुलांची चार-पाच रीडिंग मी स्वतः तपासते. नियमच आहे."

काकांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मॅडम येणार, पुढे चालणार, आणि आपण मागून लाकडी बाहुल्यासारखे. मग त्या म्हणणार, काका, तुम्ही बसा सावलीत. नको रे बाबा. "मॅडम, तुम्ही कशाला उन्हात?" काका म्हणाले. "मी काय पोरगा आहे का रीडिंगं मनाने लिहायला? छत्तीस वर्षं नोंदी ठेवल्यात."

मॅडमनी मान डोलावली. "खरंय," त्या म्हणाल्या. "तुमचं काय तपासायचं." काका खुशीत घरी आले. काकूंना त्यांनी हे दोनदा सांगितलं.

पूर्व उतारावर काकांनी साठ रीडिंग घेतली. जसजसं खाली उतरावं तसतशी कंबर ठणकायची, आणि तसतसा काका पट्टा आणखी एक घर आवळायचे. मधे एक दिवस पट्टा धुऊन दोरीवर वाळत होता, तेव्हा ते तसेच गेले, कण्हत कण्हत दोन रीडिंग घेतली आणि परत आले. ही दोन बाकीच्यांशी जुळेनात. काका शिस्तीचे. त्यांनी पट्टी लावून दोन्हींवर सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "चूक. प्रकृती बरी नसताना घेतली."

मग नकाशा मांडला. पश्चिमेला सगळे थर एका दिशेला, शिस्तीत. पूर्वेला मात्र थर वळले होते. आधी थोडे, मग आणखी, पायथ्याशी तर चक्क चाळीस अंशांनी. कागदावर एक सुंदर कमान उमटली होती. मॅडम नकाशावर वाकल्या त्या किती तरी वेळ उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"काका, ही घडी आहे," त्या म्हणाल्या. "थरांना घडी पडलीय. या टेकडीवर चाळीस वर्षं मुलं येतात, कोणाच्या लक्षात आली नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मॅडमची नोकरी तात्पुरती होती, दर वर्षी नवा कागद. त्यांना कायम करायचं की नाही हे ठरवणारी समिती पुढच्याच महिन्यात येणार होती आणि तिच्यासमोर मॅडमना आपल्या कामाबद्दल व्याख्यान द्यायचं होतं. विषय त्यांच्याकडे होता, पण फिका. आता त्यांनी विषय बदलला. "श्रेय तुमचंच राहील," त्यांनी काकांना सांगितलं. "नकाशावर नाव तुमचं."

काकांचे पाय जमिनीला लागेनात. वर्गातली मुलं येऊन नकाशा बघून गेली, आणि पहिल्यांदाच कोणी बसायला जागा न देता प्रश्न विचारले. इमारतीत तर काकांनी घडी घरोघरी नेली. काकू म्हणाल्या, "जन्मात एका टॉवेलची घडी घातली नाहीत, आणि डोंगराची बरी सापडली." पण व्याख्यानाला त्यांनी नवी साडी काढून ठेवली. विमावाले, मास्तर, तळमजल्याच्या बाई, सगळे येणार होते. काकांनीच बोलावलं होतं, आग्रहाने, पुढच्या रांगेत बसा म्हणून.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी, सकाळी, काका खोलीत होकायंत्र पुसत होते. पुसून झालं, टेबलावर ठेवलं. काटा उत्तरेला. काका चष्मा घ्यायला टेबलाच्या दाराकडच्या बाजूला आले, तर काटा दाराकडे तोंड करून बसलेला. त्यांना वाटलं, टेबल हललं असेल. ते टेबलाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला आले. काटा त्यांच्यामागून खिडकीकडे वळला. ते कपाटाच्या बाजूला आले, काटा कपाटाकडे. त्या घरात इतक्या आदराने त्यांच्याकडे आजवर कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं.

काकांनी शर्ट वर केला. पट्टा सोडला. अस्तर कात्रीने उसवलं. आत, पोटाच्या बरोबर मध्यभागी, नाण्याएवढी आठ चुंबकं ओळीने शिवलेली होती.

"अहो, चहा गार होतोय," काकू बाहेरून म्हणाल्या.

काका पलंगावर बसले. पट्टा एक घर आवळला की चुंबकं जराशी सरकत होती आणि थर दहा अंशांनी वळत होते. टेकडीला घडीबिडी काही पडली नव्हती. टेकडी लाखो वर्षं सरळच उभी होती, आणि तिच्यासमोर काका पोटावर चुंबकं बांधून रुबाबात उभे राहिले होते. साठ रीडिंग खोटी, आणि खरी होती ती दोन, ज्यांच्यावर त्यांनी पट्टी लावून रेघ मारली होती. लाजेने त्यांचे कान तापले. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मॅडमना सांगायला हवं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. सांगायचं कसं, हे कळेना. दुपारी ते विद्यापीठात गेले. मॅडम पडद्यावर कमान दाखवून बघत होत्या. म्हणाल्या, "रंग बरा वाटतो ना काका?" काका म्हणाले, बरा वाटतो, आणि खाली आले. जिन्यात थांबून पुन्हा वर गेले. आता मॅडम फोनवर आईशी बोलत होत्या, उद्या येच म्हणून. काका दाराशी ऐकून परत फिरले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. याची लाज त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाटली.

अखेर सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, व्याख्यानाला दहा मिनिटं उरली असताना, सभागृहाच्या मागच्या बोळात. काकांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. कंबर, पट्टा, चुंबकं, दोन रेघा. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही मला येऊ नका म्हणालात, ते यासाठी?"

"हो."

"तुम्ही आत जाऊन बसा," मॅडम म्हणाल्या.

काका तिसऱ्या रांगेत बसले. पुढच्या रांगेत समितीचे तीन पाहुणे आणि विभागप्रमुख. मागे वर्गातली मुलं. डाव्या बाजूला अख्खी इमारत, कोपऱ्यात काकूंची नवी साडी, आणि त्यांच्या शेजारी एक वयस्कर बाई, बहुतेक मॅडमची आई. मॅडम व्यासपीठावर आल्या. पडदा कोराच ठेवला.

"आज मी पूर्व उतारावरच्या घडीबद्दल बोलणार होते," त्या म्हणाल्या. "तशी घडी तिथे नाही. रीडिंग घेताना होकायंत्राजवळ चुंबक होतं. विद्यार्थ्याची रीडिंग जागेवर जाऊन तपासणं हे माझं काम होतं. मी गेले नाही. चूक माझी आहे."

सभागृहात कुजबुज झाली. पाहुण्यांपैकी सगळ्यात वयस्कर होते त्यांनी हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. विभागप्रमुख हळू आवाजात म्हणाले, "मग एवढ्या लोकांना आपण कशासाठी बोलावलं, मॅडम?" मॅडमनी मान खाली घातली. पट्ट्याचं नाव नाही, काकांचं नाव नाही. काका सुटले होते. कोणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, बस्स.

आणि बसून राहणं काकांना चांगलं येत होतं. कचेरीत एकदा एक महत्त्वाची फाईल गहाळ झाली होती. मेमो टायपिस्ट बाईंना मिळाला. त्या साहेबांसमोर खाली मान घालून उभ्या राहिल्या, त्यांची बदली झाली. तीन आठवड्यांनी ती फाईल काकांना स्वतःच्याच खणात सापडली. काकांनी ती गुपचूप कपाटात सरकवली आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. काकूंनाही नाही. आज व्यासपीठावर मॅडमची खाली गेलेली मान बघितली आणि त्यांना बसवेना. कंबरेत चमक निघाली, पण ते उठले.

"साहेब," काका म्हणाले. "मॅडम तपासायला येणार होत्या. मीच नको म्हणालो. माझी कंबर धरली होती, ते त्यांना कळू नये म्हणून. चुंबक कुठे होतं ते सांगतो."

पिशवीत पट्टा आणला असता तर काम भागलं असतं. पण चार मजले उतरायचे म्हणून काकांनी सकाळी तोच उसवलेला पट्टा पुन्हा कसाबसा शिवून बांधला होता. दुसरा इलाज नव्हता. समितीसमोर, वर्गासमोर, इमारतीसमोर आणि कोणाच्या तरी आईसमोर काकांनी शर्ट वर केला.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकलं आणि अख्खं सभागृह हसायला लागलं. विभागप्रमुखांनी रुमाल तोंडाला लावला. हसू ओसरतं न ओसरतं तोच डावीकडून विमावाले उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, हे मित्राची बाजू घेणार. ते समितीकडे बघून नम्रपणे म्हणाले, "पट्टा आमच्याकडचा आहे. आणखी दोन शिल्लक आहेत." मास्तरांनी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं.

काका शर्ट धरून तसेच उभे होते. खाली सोडायचं त्यांना सुचेना. समितीतल्या सगळ्यात वयस्कर पाहुण्यांनी, जे एकटे हसले नव्हते, विचारलं, "एक सांगा. मॅडमनी तुमचं नाव घेतलं नव्हतं. तुम्ही गप्प बसला असतात तर तुमचा प्रोजेक्ट फार तर पुन्हा करावा लागला असता. आता खोटं बोलून गाईडला टाळलंत हे तुम्हीच सांगितलंत. यंदा ऑनर्स मिळणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय," काका म्हणाले.

"आणि मॅडम, तुमचा निर्णय समिती आज घेणार नाही. नवा नकाशा आल्यावर बघू." पाहुण्यांनी खिशातलं पेन पुन्हा काढलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

लोक पांगले. मुलं जाताना काकांकडे बघून हसत होती. काकांनी ते हसू घेतलं, परत दिलं नाही. काकू जवळ आल्या आणि त्यांनी काकांचा शर्ट खाली ओढून बटणं लावली. वर्गातल्या मुलांसमोर बायकोने बटणं लावणं ही एरवी काकांच्या मते फाशीची शिक्षा होती. आज त्यांनी निमूटपणे लावून घेतली.

मॅडम कागद गोळा करत होत्या. काका व्यासपीठाच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. माफीचं वाक्य त्यांनी रात्रभर घोळवून तयार केलं होतं, चांगलं तीन ओळींचं, कचेरीच्या भाषेतलं.

"सोमवारी सकाळी सात वाजता टेकडीवर," मॅडम त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "साठही रीडिंग पुन्हा. मी येतेय."

"या," काका म्हणाले. मग थांबले. समोर मॅडमची आई उभी होती, मागे काकू, दाराशी वर्गातली ती नेहमी जागा देणारी मुलगी. काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, मला वाकता येत नाही. चढताना दर दहा पावलांवर बसावं लागतं. तुम्ही वाकून आकडा वाचा, मी लिहितो."

मॅडमनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळे लाल होते, राग गेला नव्हता.

"मग पावणेसातला या," त्या म्हणाल्या. "बसायला वेळ धरून."